सहीची खुर्ची

प्रिय माया,

माझ्या बढतीचा आदेश आला. पेढे मी नाही, पियुष साहेबांनी वाटले. तोच पियुष, ज्याला आपल्या अमरावतीच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना वाळवायला-चाळायला मी शिकवलं. खात्याची परीक्षा दोघांनी बरोबरच दिली. तो पास होऊन अकोल्याला साहेब झाला. मीही पास झाले, पण माझं नाव ज्येष्ठतेच्या वादात अडकलं. आता तो इथे माझा वरिष्ठ म्हणून आलाय.

तू नोकरी सोडून वरूडला संत्रावाल्यांसाठी स्वतःची माती-तपासणी काढलीस, तेव्हा मलाही बोलावलं होतंस. बढती तोंडावर आलीय, असं सगळे म्हणत होते. म्हणून थांबले. ती तोंडावरच राहिली.

काम मात्र मला मनापासून आवडायचं गं. चांदूर बाजारचे शेषरावकाका माती घेऊन यायचे, अहवाल आला की खुर्ची ओढून बसायचे आणि सगळं समजून घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. त्या दिवशी घरी जाताना पाय हलके असायचे.

उन्हाळ्यापासून तपासणीचं यंत्र बंद आहे. टार्गेट बंद नाही. जुन्या आकड्यांत थोडा फेरफार करायचा आणि शेतकऱ्याच्या नावे जमिनीची नवी आरोग्य पत्रिका छापायची, असं चाललंय. मी लेखी तक्रार केली, तर मला टपालावर बसवलं. आणि आता एकाएकी बढती. नव्या टेबलावर पत्रिकांचा गठ्ठा, वरचीच शेषरावकाकांची. यंत्र कधी सुरू झालं, असं मी विचारलं. पियुषनं दार लोटलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी मी वरपर्यंत भांडलो. सही मारा अन् मोकळ्या व्हा. माती काई बोलून नाई राहिली."

तेव्हा कळलं, ही खुर्ची दुसऱ्या कुणालाच नको होती.

मी बढती नाकारल्याचं लिहून दिलं. ऑफिसात हसले. किशोर घरात माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या माहेरासकट सगळ्या नातेवाइकांना त्यांचे बढतीचे फोन करून झाले होते. सोमवारपासून मी पुन्हा टपालावर.

काल शेषरावकाका फाटकाशी भेटले, पत्रिका कधी मिळंल म्हणून विचारायला. त्यांना मी खरं ते सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, "मंग आता कोनाले दाखवू?"

हे पत्र घेऊन तेच तुझ्याकडे येताहेत, सोबत त्यांच्या शेताची माती आहे. नीट तपास. आमच्या कार्यालयाच्या दारावर अजून प्रयोगशाळा अशीच पाटी आहे, पण तिथं त्यांना पाठवायला मला लाज वाटली.

तुझीच, अजून सरकारी,
रागिणी