दाराखालच्या पट्टीचे स्क्रू

बाबा, तुमची गाडी मी खोलतेय. बिल्डिंग पाडायची ठरली, कंपाउंड रिकामं करा असं सोसायटीने सांगितलं, आणि दादा फोनवर म्हणाला, "भंगारात दे ना, यार. काय राहिलंय तिच्यात?" मला ते ऐकवेना. आतलं सगळं उतरवायचं, मग पत्र्याचं काम, रंग, आणि आईला जुहूपर्यंत एक चक्कर, एवढंच मनात होतं. ऑफिसातून सुट्टी घेतली आणि तुमची हत्यारांची पेटी खाली आणली.

दाराखालच्या पट्टीचा पहिलाच स्क्रू हलेना. गंजून पत्र्यात पार बसलेला. मी जोर लावायला गेले आणि जोगेश्वरीचं गॅरेज आठवलं. शाळा सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन येते, तुम्ही मला एका जुन्या दाराचा स्क्रू काढायला देता, आणि मी पिळून पिळून त्याची खाच घालवते. "गो, जोर कित्याक लावतंस?" तुम्ही सगळ्यांसमोर ओरडता. "खाच गेली काय संपलां. आधी तेल घाल, मगे ठोक, मगे जरासो घट्ट कर. घट्ट झालो तरच सुटतलो." मी रडते. तुम्ही तुमच्यातला अर्धा चहा माझ्यापुढे सरकवता.

तसंच केलं. तेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर हलके ठोके दिले, उजवीकडे केसभर, मग डावीकडे. कर्र करून सुटला. गॅलरीत उभ्या असलेल्या आईला मी तो वर धरून दाखवला. ती हसली. मग दारांची अस्तरं, काचा फिरवायचे दांडे, डॅशबोर्ड, सगळं सुटत गेलं. एकाही स्क्रूची खाच घालवली नाही, बाबा. शेवटी सीटचे बोल्ट राहिले. तेही सुटले. सीट उचलली. मॅट काढली तर खाली पत्राच नव्हता, गंजाचा भुगा सांडला आणि कंपाउंडची फरशी दिसली.

पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावलं. त्याने कडेला बोटाने दाबलं, बोट आरपार गेलं. "ताई, नवीन तुकडा जोडायला धड कडा तरी पाहिजे ना. कशाला मारू वेल्डिंग?" मी म्हटलं, "बाहेरून तर चांगली दिसते." तो हात पुसत म्हणाला, "बाहेरून चांगलीच आहे." आणि गेला.

दादाला सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसतं "बरं" म्हणाला. उद्या सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. तरीही आज दुपारभर मी छताच्या दिव्याचे स्क्रू काढत बसले होते, तेल घालून, घाई न करता. कशासाठी, ते मलाच ठाऊक नाही. आई मघाशी वरून विचारत होती, "कधी होणार गं गाडी?" मी म्हटलं, "होतेय." आता अंधार पडत आलाय, ती जेवायला थांबली असेल. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. खरं सांगू, बाबा? वर जायला लागू नये म्हणून लिहितेय.