कालांद्रियाच्या दांडीतली गाठ

मी, अर्सेनिओ पाव्हेत्तो, वय एकोणऐंशी, धंद्याने कवळ्या बनवणारा, राहणार कासिल्दा, प्रांत सांता फे, आज माझ्याच जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि नोटरी मिर्ता सालबात्तो ते लिहून घेत आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. हात थरथरतात, पण मृत्युपत्र हातांनी करायचं नसतं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मी दबावाखाली येणारा असतो, तर या गावात इतके शत्रू जमवू शकलो नसतो. मला मूलबाळ नाही, पत्नी एस्तेर सहा वर्षांपूर्वी वारली, तेव्हा जे आहे ते वाटेल त्याला द्यायला मी मोकळा आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं आमच्या विमान-प्रतिकृती क्लबाला देऊन ठेवलं होतं. तेव्हा मला ताप होता.

कलम पहिले. राहतं घर, मागच्या द्राक्षांच्या मांडवासह, बहिणीचा मुलगा फाबिआन याला मिळावं. दर मंगळवारी तो मला इस्पितळात नेतो आणि वाटेत तोंड बंद ठेवतो, याची मी नोंद घेतली आहे. मात्र माझ्या विमानांना त्याने बोट लावू नये. पंचेचाळीस वर्षांचा हा माणूस लाकडाच्या रेषा छापलेले स्टिकर आणतो आणि विमानावर चिकटवतो. माझ्याच घरात, माझाच माते चहा पीत त्याने मला विचारलं होतं, "मामा, दहा मिनिटांत होतं काम. फरक कोणाला कळतो?" मला कळतो. म्हणून त्याला भिंती देतो आहे, भिंतींना त्याने काय वाटेल ते चिकटवावं.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक सरकारी इस्पितळाच्या दातांच्या विभागाला द्यावी. ज्यांना कवळी परवडत नाही त्यांना ती मिळावी. कोनशिला, माझा फोटो वगैरे नको.

कलम तिसरे. माझे कुंचले, तैलरंग आणि मेण कोरायच्या सुऱ्या शेजारीण ग्रासिएला हिला द्याव्यात. ती बायकांची नखं रंगवते आणि तिचा हात क्लबातल्या सगळ्या पुरुषांपेक्षा स्थिर आहे. तिच्यासाठी कृती सांगून ठेवतो. आधी फिक्या पिवळट रंगाचा थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मग तपकिरी तैलरंग नावाला लावून कोरड्या स्पंजाने एका दमात ओढावा. प्रत्येक फळी वेगळी झाकून वेगळी रंगवावी, कारण शेजारच्या दोन फळ्या एकाच झाडाच्या नसतात. आणि थांबावं कुठे ते कळावं. विमान खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं असेल तर लाकडाची रेषा दिसल्यासारखी वाटावी, दिसू नये. आमच्या क्लबातल्या निम्म्या विमानांना वाघाचे पट्टे आहेत, उरलेली पिझ्झेरियाच्या काउंटरसारखी चकाकतात. एस्तेरच्या पावडरीचा स्पंज, ज्याने मी तीस वर्षं रेषा ओढल्या, तो कोणालाही देऊ नये. तो माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावा.

कलम चौथे. क्लबाला काहीही देऊ नये. फक्त नियमावलीतला नियम अकरा त्यांनी खोडावा. तो मीच लिहिला होता: रंगवलेल्या लाकडात गाठ दिसल्यास शून्य गुण. कारण साधं होतं. विमानाच्या लाकडात गाठ नसते. गाठीपाशी लाकूड मोडतं, म्हणून कारखान्यात गाठ दिसली की फळी बाजूला टाकत. कोणी नवशिका हौसेने गाठ रंगवतो तेव्हा त्याने लाकूड फक्त स्वयंपाकघराच्या दारात पाहिलेलं असतं. हे मी अजूनही म्हणतो. पण नियम खोडावा. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवे. माझ्या कपाटामागे जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लाकडी दांडी आहे. ती नासारेनो तोलोसा, सुतार, याला द्यावी.

२००४ साली आमच्या स्पर्धेत या तोलोसाने 'ला कालांद्रिया'ची प्रतिकृती मांडली होती. ते आमच्या भागातलं पहिलं विमान, दोन मजली पंखांचं. त्याने दोन पंखांमधल्या डाव्या दांडीवर गाठ रंगवली होती. मी परीक्षक होतो. त्याने समजावून सांगितलं की, १९२३ मध्ये विमान शेतात आदळलं तेव्हा त्याच्या आजोबांनी, सिप्रियानो तोलोसांनी, हाताशी होतं त्या लाकडाची दांडी करून बसवली होती आणि त्या लाकडात गाठ होती. आजोबांनी त्याला स्वतः सांगितलं होतं. यावर मी भरल्या सभागृहात म्हणालो, "तुझ्या आजोबांनी विमान दुरुस्त केलं, की कोंबड्यांचं खुराडं?"

सगळे हसले. तोलोसाने विमान केकच्या खोक्यात ठेवलं, खोक्याला दोरी बांधली आणि निघून गेला. त्यानंतर तो क्लबात आला नाही. तो माझ्यापासून तीन गल्ल्यांवर राहतो.

आठ वर्षांनी मी एका मोठ्या शेतावर तिथल्या मुकादमाच्या कवळीचं माप घ्यायला गेलो. तिथे कोंबड्यांच्या खुराड्यात, कोंबड्या बसायला, ती दांडी आडवी लावलेली होती. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या होत्या, एका टोपीवर त्या काळच्या उड्डाण क्लबाचा ठसा होता आणि खाली चाकूने कोरलं होतं: सि. तो., १९२३. गाठ होती. मी मुकादमाला कवळी फुकट दिली आणि दांडी घरी आणली.

आणली आणि लपवली. हे मीच सांगतो आहे, म्हणजे मागाहून कोणी शोधून काढल्याचा रुबाब करायला नको. दुसऱ्याच्या रंगातली चूक मी हातभर अंतरावरून ओळखतो, आणि स्वतःची अकरा वर्षं कपाटामागे उभी करून ठेवली. एस्तेर दर रविवारी म्हणायची, "त्याला देऊन टाक. नाहीतर निदान मला तिच्यावर कपडे तरी वाळत घालू दे." ती गेली आणि मला टोकणारं कोणी उरलं नाही. ही लाज मी मरेपर्यंत पुरवून वापरली असती. मेल्यावर दांडी पोचवायची म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, एवढाच या कलमाचा हेतू आहे.

इथे लिखाण थांबलं. कारण आजचा साक्षीदार म्हणून मी तोलोसालाच बोलावलं होतं. दुसऱ्या कोणत्या कारणाने त्याच्या दारावर थाप मारायची हिंमत नव्हती, आणि साक्षीला बोलावलं तर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. तो वेळेवर आला, टोपी मांडीवर ठेवून बसला, आणि वरचं सगळं त्याने ऐकलं. नोटरीबाई लेखणी खाली ठेवून म्हणाल्या, "अर्सेनिओसाहेब, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. कलम काढा, नाहीतर साक्षीदार बदला."

मी उठून कपाट सरकवायला गेलो. ते मला एकट्याला सरकलं नाही, तोलोसाने दुसरी बाजू धरली. चादर मीच सोडली आणि दांडी त्याच्या हातात दिली. चुकलो, असं म्हणालो. एकदाच म्हणालो, पण त्याला ऐकू गेलं.

त्याने दांडी उजेडात धरली, अंगठा टोकापासून टोकापर्यंत फिरवला आणि आजोबांच्या अक्षरांपाशी थांबवला. त्याचे डोळे भरून आले. मग नाक पुसून तो म्हणाला, "म्हाताऱ्याने रंधा उलटा मारलाय रे." थोड्या वेळाने गाठीवर बोट ठेवून म्हणाला, "आणि मी ही खऱ्या मापाने चार बोटं खाली रंगवली होती."

मला ते आधीच दिसलं होतं.

कलम पाचवे रद्द. त्यात लिहिलेली वस्तू आता माझी नाही. बाकी कलमं कायम आहेत. २००४ सालच्या निकालात तोलोसाचं विमान पहिलं लावावं. गाठीच्या जागेसाठी मी त्याचा एक गुण आजही कापतो, आणि हे त्याला मान्य आहे.

वाचून दाखवलं, बरोबर आहे, म्हणून सही करत आहे. सही वेडीवाकडी आली तरी माझीच आहे.

अर्सेनिओ पाव्हेत्तो

साक्षीदार:
ओराल्दो बियान्की, औषधविक्रेते.
नासारेनो तोलोसा, सुतार. या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नाही.

माझ्यासमोर: मिर्ता सालबात्तो, नोटरी
कासिल्दा, १४ एप्रिल २०२३