चहाळ

रविवार, संध्याकाळ. कांदिवली.

आज माझ्या न्यूजलेटरला तीन वर्षं झाली, आणि वाढदिवसाचा अंकच पाठवता येणार नाही. चहा पिऊन झाला तरी उठवत नाही, त्या आळसाला आई ‘चहाळ’ म्हणते. आमच्या घराबाहेर हा शब्द नाहीच. त्यावरच लिहिलं होतं. मसुदा फक्त माझ्या मैत्रिणीला, नीलिमाला वाचायला दिला, नेहमीसारखा. आज पेपरात तिच्या नावाने लेख: ‘माझी आई चहाळ म्हणायची.’ तिची आई! फोन केला तर म्हणते, “शब्द काय कोणाच्या बापाचा असतो का यार?” बापाचा नाही गं, आईचा. तेव्हा सुचलं असतं तर! आता मी अंक पाठवला तर चोर मीच ठरणार.

आणि आई पेपर हातात घेऊन खूश. “बघ गो, तुझे बाबा उगाच हसायचे. चहाळ खरा शब्द आहे, छापून आलाय.”