सोनेरी कडेच्या कपबशा

तळेगाव ढमढेरे, मंगळवार, १२ जानेवारी १९९९

आज पुन्हा माझ्या सहा कपबशा शेजारच्या शांताकाकूंकडे गेल्या. त्यांच्या सुमनला बघायला पाहुणे आले होते. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून हौसेनं आणलेल्या, पातळ, सोनेरी कडेच्या कपबशा. दुकानात हातात धरल्या तेव्हा किती खूश होते मी. गल्लीतल्या चार मुलींचे पाहुणे त्यातून चहा पिऊन गेले आणि मी अजून स्टीलच्या पेल्यातच पिते. महागाच्या वस्तूत सुख नसतंच का? की मीच ते कपाटात कोंडलं?

संध्याकाळी कपबशा परत आल्या. धुऊन पुसत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "जपून ठेव गं. फुडं कुणाला तरी लागत्याल."

"आत्या, आता आपल्यालाच लागणारेत," म्हटलं, आणि दोन कपांत चहा ओतला. फुटला तर फुटला.

आत्यांनी दोन्ही हातांनी कप धरला. सोनेरी कडेवरून बोट फिरवलं, एक घोट घेतला. "व्हटाला लागल्यालं कळतच न्हाई गं," म्हणाल्या, आणि अर्धा कप पुन्हा मागितला.

पुढच्या वेळी कुणी मागायला आलं तर देईन. पण चारच. दोन आमच्या.