गोल्फच्या दगडाचा कौल

वाशीम, पौष वद्य चतुर्थी, सन १९३१

मन थाऱ्यावर नाही. गायरानातला तो दगड देव नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. साहेबलोक तिथे गोल्फ खेळत. चेंडूचं भोक लांबून दिसावं म्हणून बाबांनीच तो दगड पुरून त्याला चुना लावला होता. पुढे साहेबाची बदली झाली, खेळ बंद पडला. आता गाव म्हणतं, मुंजोबाच्या जागेवर खेळला म्हणून साहेब मेला! दगडाला शेंदूरही लागला.

बहिणीची, काशीची, दोन बाळंतपणं वाया गेली. या वेळी तिला अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं म्हटलं, तर आई त्याच दगडाला नवस बोलून बसलेली, दवाखाना नकोच म्हणते. आज तिला सगळं खरं सांगितलं. ती हसली.

"तुह्या बापानं मांडला न? मंग तं तो आपलं पयले आयकीन! चाल, कौल लावू."

उजवं फूल पडलं तर अकोला. दगडाला दोन्ही फुलं मीच चिकटवली. डावं चांगलं ओलं करून दाबलं, उजवं नुसतं टेकवलं. उजवं पडलं.

"ने बाप्पा तिले अकोल्याले," आई म्हणाली.

उद्या सकाळची गाडी. काम तर झालं. पण दगडच तो, तर निघताना मी वाकून नमस्कार केला, तो कोणाला?