आबांची होडी वाऱ्यावर सोडली तेव्हा

प्रिय आबा,

काल मी तुमच्या होडीत बसले. तुम्ही गेल्यापासून आठ महिने मला भंडारदऱ्याकडे फिरकायचा धीर झाला नव्हता. काल गेले, आणि जे झालं ते तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला सांगू? घरात सांगायला गेले तर म्हणतील, मासे धरायला गेली होतीस, त्यात रडायचं काय!

तुम्ही मला पहिल्यांदा पाण्यावर नेलंत तेव्हा मी दहा वर्षांची होते. रतनगडाकडून वारा सुटला की तुम्ही वल्ही उचलून आत ठेवायचात आणि होडी सोडून द्यायचात. मी घाबरून विचारलं, "आबा, आता कुठं जाणार आपण?" तुम्ही म्हणालात, "वारा नेईल तिकडं. आपुन निस्तं बसायचं."

गावात सगळे जाळं टाकायचे. तुमचं मात्र वेगळंच! धरणावर मुक्कामाला आलेल्या कुणा पाहुण्याला तुम्ही चार दिवस होडीतून फिरवलंत, आणि जाताना तो आपली काठी, रीळ आणि पिसं बांधलेल्या गळांची डबी तुम्हाला देऊन गेला. ते गळ संपले तेव्हा तुम्ही स्वतः बांधायला लागलात. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणि आईच्याच तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसं! तो बिचारा महिनाभर उघड्या मानेनं अंगणात फिरत होता. आई म्हणायची, "माश्याला फसवायला माजा कोंबडा नागवा केला!"

गळ फेकायला शिकवताना तुम्ही माझा हात धरायचात. "घाई नगं. दोरी मागं पुरी उलगडू दे, मगच पुडं सोड. पीस पान्यावर टेकलं पायजे, आदळलं न्हाई पायजे." माझं नेहमी आदळायचंच. तुम्ही कधी रागावला नाहीत. का हो? शेतात भाताचं रोप वाकडं लावलं तरी केवढ्यानं ओरडायचात!

आणि ती मोठी खडस मासळी आठवते? भाद्रपद होता, मी चौदा वर्षांची. माझ्या गळाला मासा लागला आणि रीळ नुसतं भिरभिरत सुटलं. अर्धा तास आपण दोघं झगडलो. शेवटी ती होडीजवळ आली, सोनेरी खवल्यांची, माझ्या हाताएवढी लांब. तुम्ही तिच्या पोटावरून बोट फिरवलंत आणि गळ काढून तिला सोडून दिलंत! मी रडले, तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोटुशी हाय ती, मंदा."

आबा, आता जे लिहायचं आहे ते जड जातंय.

गेल्या वर्षी तुम्हाला होडीत चक्कर आली. होडी वाहत पलीकडच्या काठाला लागली. तुमच्या दोस्तानं, लक्ष्मणकाकांनी, पाहिलं तर तुम्ही आत आडवे. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, एकटं ठेवू नका. आई तर आधीच गेलेली. मी तुम्हाला संगमनेरला माझ्या घरी घेऊन आले, तिसऱ्या मजल्यावर. वेळेवर गोळ्या, बिनमिठाचं जेवण, सगळं केलं. तुम्ही गॅलरीत उभे राहायचात. खाली रस्ता होता नुसता.

एकदा तुम्ही म्हणालात, "पोरी, एक दिस मला धरणावर सोड. होडीत न्हाई बसत. काठावर बसंन."

मी म्हणाले, "थंडी ओसरू दे, आबा."

थंडी ओसरली नाही. एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तुम्ही खुर्चीत मान टाकलीत. पाण्यापासून वाचवायला आणलं होतं तुम्हाला. कशापासून वाचवलं मी?

आणि तुम्ही भांडला का नाहीत? साऱ्या गावाशी भांडणारा माणूस लेकीपुढे असा मुका कसा झाला? एकदा ओरडायचं होतं माझ्यावर!

काल लक्ष्मणकाकांसोबत गेले. त्यांचे गुडघे गेलेत, मुलं त्यांना पाण्याजवळ जाऊ देत नाहीत. पण मी आले म्हटल्यावर ते काठी टेकत निघाले. वल्ही मी मारली. तळहाताला फोड आले. मधोमध गेल्यावर होडी वाऱ्यावर सोडली आणि मी त्यांना सगळं सांगितलं, काठावर बसायचं तुमचं मागणंसुद्धा.

काका म्हणाले, "तुज्या बापाचा फोन यायचा मला. मी म्हनायचो, पळून ये की! तर म्हनायचा, न्हाई रं लक्षा. मी पान्यावर गेलो की पोरीचा जीव टांगनीला लागतो. हितं तिच्या डोळ्यापुडं हाय, तर ती निवांत झोपती. झोपू दे तिला."

आबा, रागावू तरी कशी तुमच्यावर?

मग मी तुमची गळाची काठी घेतली. पहिल्यांदा गळ माझ्याच ओढणीत अडकला. दुसऱ्यांदा आदळला. कितव्यांदा तरी दोरी मागे पूर्ण उलगडली, पुढे गेली आणि पीस पाण्यावर अलगद टेकलं. क्षणभर तिथंच तरंगलं. आणि पाणी फुटलं! काठी वाकली, रीळ सुटलं, आणि मी जोरात ओरडले, "आबा! आबा, लागला!"

ओरडले आणि मागे वळून बघितलं.

मागे काका बसले होते. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. तेवढ्यात दोरी सैल पडली, मासा गेला. आम्ही दोघं खूप वेळ तसेच वाहत राहिलो.

काठाला लागताना काकांनी होडीच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, "आता परत कवा, पोरी?"

तुम्हाला नाही नेलं, आबा. त्याला आता इलाज नाही. पण त्यांना नेणार. वल्ही मी मारीन, त्यांच्या मुलांशी मी बोलेन, त्यांच्या औषधाची पुडी माझ्या पिशवीत ठेवीन. गुडघे चालत नसले तर काठापर्यंत हाताला धरून नेईन. ते नको म्हणेपर्यंत दर रविवारी. हा शब्द तुम्हाला देते.

तुमचीच लेक,
मंदा