सातो घरीच राहिला

कुवेत, ९ ऑगस्ट

ती. दिदीस ओमबहादुरचा शि. सा. न.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आमा तुझ्या कानाला कान लावून बसते आणि इकडे खोलीतले सातही जण माझ्या. म्हणून सुट्टीवर निघालेल्या रनबीरदाजूच्या हाती हे देतोय. वाचून चुलीत घाल.

तुझा भाऊ पहारेकरी आहे, असं तू गावभर सांगतेस. कशाचा, ते ऐक. एका अर्धवट सोडलेल्या उंच इमारतीचा. आत चोरून नेण्यासारखं काही असेल तर तो मीच. दिवसभर बोलायला माणूस नाही. परवा मी सिमेंटच्या मिक्सरला नमस्कार केला आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून रुसून बसलो.

हसलीस ना? आता पुढचं वाच. झोप येत नाही. डाळभात मातीसारखा लागतो. छतावर फेरी मारायची असते, ती मी हल्ली चुकवतो. कठड्यापाशी उभं राहिलं की माझाच मला भरवसा वाटत नाही. गावी असतो तर तुम्ही म्हणाला असतात, याचा सातो गेला, अंगातला जीव भिऊन कुठेतरी पडला.

आणि आपला धाकटा कान्छा इथेच यायला निघालाय! त्याला रोख. निघण्याआधीच्या वर्गात विमानाचा पट्टा बांधायला शिकवतात. तो मी फार सुरेख बांधला. त्यापुढचं काही शिकवलं असेल, तर तेव्हा मी झोपलो होतो. तेव्हा झोप यायची.

आमाला कळू देऊ नकोस, आईचा जीव आहे. आहे तेवढी माया राहू दे, जास्त मागायला तोंड नाही.

तुझा
ओमबहादुर

---

सालघारी, भाद्र १५

चि. ओमबहादुर यास अ. आ.

पत्र चुलीत घातलं नाही, उशाखाली आहे. आधी रडले, मग तुला शिव्या दिल्या, मग तुझी जुनी टोपी घेऊन गावच्या मांत्रिकाकडे, झांक्रीकडे गेले. त्याने टोपीत तांदूळ ठेवून, ढोल बडवून, तुझं नाव घेऊन सातोला हाका मारल्या. आला! टोपीतले तांदूळ हलले, सगळ्यांनी पाहिले. कोंबडा देऊन मी खुशीत परत निघाले आणि अर्ध्या वाटेत डोक्यात उजेड पडला. सातो आला तो गावी, आणि तू तिकडे! मी शहाणी, तुझा उरलासुरला जीवही काढून घेतला. धावत परत गेले. झांक्री म्हणाला, बोलावणं माझं काम, पोहोचवणं नाही, माझ्याकडे पासपोर्ट नाही. वर म्हणाला, पोराचा सातो तिकडे गेलाच नव्हता, तो निघाला त्या दिवसापासून तुमच्या गोठ्यापाशीच बसलाय.

मग आरोग्यचौकीतल्या सिस्टरला विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, तापासारखाच हा आजार, याला औषध आहे, तिथल्या डॉक्टरला सगळं सांगू दे, छताचंसुद्धा. तेव्हा झांक्रीचं झांक्रीला, डॉक्टरचं डॉक्टरला. आणि छतावर पाय ठेवायचा नाही. ही विनंती नव्हे.

कान्छा ऐकत नाही, म्हणून त्याची तयारी मीच घेतेय. काल त्याला गोठ्यात भिंतीकडे तोंड करून, कुणाशी न बोलता बसवलं. चहाच्या आधीच तो बोकडाला लग्नाचे बेत सांगत होता.

उत्तर धाड, खोटं नको. तुझ्यावरचा राग वाढता आहे, आणि मायाही.

तुझी
लीलसरी दिदी

---

कुवेत, ३ नोव्हेंबर

ती. दिदीस शि. सा. न.

डॉक्टरकडे गेलो. वाटभर वाक्यं पाठ केली आणि समोर बसल्यावर म्हणालो, पोट दुखतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पोटाची गोळी मिळाली. पोट मात्र आता उत्तम आहे.

दुसऱ्यांदा तुझं पत्रच आपल्याकडच्या दुभाष्याच्या हातात दिलं. त्या भल्या माणसाने कोंबड्यापासून पासपोर्टपर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकलं, दार लावलं आणि छताबद्दल सरळ विचारलं. मीही सरळ सांगितलं. सांगताना फार लाज वाटली, सांगून झाल्यावर फार हलकं वाटलं.

आता औषध चालू आहे, पुन्हा पुन्हा जावंही लागतं. पहारा खालच्या फाटकावर मिळालाय, जोडीला एक बांगलादेशी. तो अखंड बोलतो. मिक्सर बरा होता, असं कधीकधी वाटतं. पण झोप येऊ लागलीय.

कान्छा पोहोचला. सातो गाठीत बांधून तू त्याच्याबरोबर पाठवलेली माझी जुनी टोपी त्याने विमानात डोक्यावरच ठेवली, म्हणे जीव कुणी सामानात टाकतं का? खोलीत आल्या आल्या फुशारकी मारली की दिदीने मला पक्कं तयार केलंय. आणि संध्याकाळी न्हाणीघरात शिरून नळ मोठा सोडून बसला. बाहेर बादल्या घेऊन रांग, शिव्यांचा पाऊस. मला तो नळ ओळखीचा, दिदी. तो तसाच मीही किती वेळा सोडलाय. मी दार ठोठावून म्हटलं, बाहेर ये, तिथे अंघोळ करतात, रडायचं ते माझ्या खाटेवर बसून. तो आला आणि गळ्यात पडून रडला. मग मीही. बादल्यावाले तसेच उभे राहिले, अंघोळीला कुणी गेलं नाही.

आमाला सांग, दोघंही ठीक आहोत. या वेळी थाप नाही. तू पाठवलेला सातो सध्या दोघांत एक आहे, पण पुरतोय.

तुझा
ओमबहादुर